कॅमल रिजवरची रिले पोस्ट

कॅप्टन झाल्यावर माझी पहिली बदली ईशान्येकडच्या एका डोंगरी ब्रिगेडच्या सिग्नल कंपनीत झाली. ब्रिगेडचं आणि जागेचं नाव मी लिहिणार नाही. तिथे आजही जवान आहेत. मी नागपूरची, इंदोऱ्यात वाढलेली. निघताना आईने विचारलं, "तिथं तुले काम काय देतीन वं?" मी म्हणाले, "लोकांचं बोलणं चालू ठेवायचं." आईला ते काम वाटलं नाही. पण सिग्नलवाल्याचं काम एवढंच असतं. पायदळ पुढे जातं, तोफखाना मागून मारा करतो, आणि या सगळ्यांना एकमेकांचं ऐकू येईल हे आम्ही बघतो.

ब्रिगेडचं मुख्यालय एका दरीत होतं. समोर एक लांब उंच डोंगरधार. तिला दोन कुबडं होती म्हणून जवान तिला कॅमल रिज म्हणत. रिजच्या पलीकडे खोल नाला आणि नाल्याच्या पुढे सीमा. आमच्या गस्तीच्या तुकड्या, म्हणजे पेट्रोल, त्या नाल्यात उतरून चार-पाच दिवस फिरायच्या.

आमच्याकडे मुख्यतः व्हीएचएफ सेट होते. व्हीएचएफची लहर प्रकाशासारखी वागते. सरळ जाते. वाटेत डोंगर आला की त्याच्या मागे सावली पडते, आणि त्या सावलीतल्या माणसाच्या सेटमध्ये नुसती खरखर येते. डोंगराच्या धारेवरून थोडी लहर पलीकडे वाकते, हे खरं आहे. लहर लांब असेल तर जास्त वाकते, आखूड असेल तर कमी. आमची लहर पाच-सहा मीटरची. नाला इतका खोल की वाकून वाकून ती तळाशी पोचायची नाही. त्यामुळे रिजच्या माथ्यावर आमची एक रिले पोस्ट होती. दोन जवान, दोन सेट, अँटेना, तंबू, रॉकेलचा स्टोव्ह, स्लीपिंग बॅगा. माथ्यावरून नालाही दिसायचा आणि ब्रिगेडही. पेट्रोल बोलायचं ते पोस्टला ऐकू यायचं, पोस्ट ते आम्हाला पोचवायची. ही पोस्ट नसेल तर नाला मुका.

एवढं कोणालाही समजतं. मी हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढे खूप लोकांनी हे समजत नसल्याचं सोंग घेतलं.

नायक विलास भोयर माझ्या कंपनीतला रेडिओ ऑपरेटर. नागपूरजवळच्या कन्हानचा. वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. मी नागपूरची आहे हे कळल्यावर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, नागपुरात कुठं?" इंदोरा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मंग तं आपण एकाच रोडवरचे." इतर जवानांसमोर तो माझ्याशी हिंदीत बोलायचा, आणि आजूबाजूला कोणी नसलं की थेट नागपुरीत. घरी फोन लावला की त्याचा आवाज अख्ख्या एक्सचेंजला ऐकू जायचा. "काय वं सुनंदा, जेवली का? मी जेवून राहिलो." सुनंदा म्हणजे त्याची बायको. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. जून जवळ आला की तिला फोनवर बोलायला वेळ नसायचा, आणि मग विलास दिवसभर सगळ्यांवर खेकसायचा.

ऑपरेटरांचा वर्ग मी घ्यायचे. एकदा टॉर्च आणि वीट घेऊन मी त्यांना रेडिओची सावली दाखवत होते. विलासने हात वर केला.

"मॅडम, डोंगर लहरीले खाऊन टाकते का?"

"काही खातो, काही परतवतो. पलीकडे फार थोडं जातं."

"मंग आपण वरतून काहून नाही बोलत?"

"तेच तर करतो. रिले पोस्ट म्हणजे वरून बोलणं."

वर्ग हसला. तोही हसला. त्याला पोस्टवरची ड्यूटी आवडायची. वर गर्दी नसते म्हणायचा.

पहिला बर्फ पडायच्या आधीचे दिवस होते. एक पेट्रोल नाल्यात उतरलं. पायदळाच्या ज्या बटालियनचं ते पेट्रोल होतं, तिचा ऑपरेटर आजारी पडला होता. म्हणून त्यांनी आमच्याकडून माणूस मागितला आणि मी विलासला दिलं. त्याच्या पाठीवर मोठा सेट होता. पेट्रोलचे प्रमुख सुभेदार साहेब होते, त्यांच्याकडे हातातला छोटा सेट. दुसऱ्या दिवशी दुपारी मला मुख्यालयातून एका कर्नलचा फोन आला. त्यांचंही नाव लिहीत नाही. ते पुढे सन्मानाने निवृत्त झाले.

दिल्लीहून एक मोठे पाहुणे येणार होते. ते ज्या रस्त्याने फिरणार होते त्या रस्त्याच्या एका वळणावर आवाज तुटत होता. कर्नल साहेबांना तिथे रिले हवी होती.

"कॅमल रिजवरची पोस्ट उठवा. सेट, माणसं, तंबू, सगळं त्या वळणावर लावा. तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"सर, नाल्यात पेट्रोल आहे. पोस्ट उठवली तर त्यांच्याशी संपर्क राहणार नाही."

"शत्रूची काही हालचाल नाही. गरज पडली तर ऑपरेटर वर चढून बोलेल."

"सर, वर तंबू नसेल. हवामान बिघडतंय."

"चार मिनिटं बोलायला तंबू कशाला लागतो?"

"सर, पेट्रोलला आधी परत बोलावू. मग पोस्ट उठवते. किंवा सॅटेलाइट फोन पेट्रोलला पाठवू."

"सॅटेलाइट फोन पाहुण्यांच्या ताफ्यात आहे. कॅप्टन, हा फिजिक्सचा क्लास नाही. ऑर्डर आहे."

मी कमांडर साहेबांना भेटायची परवानगी मागितली. ते पाहुण्यांना घ्यायला खाली विमानतळावर गेले होते. लेखी हुकूम मागितला. तो तासाभरात आला. फौजेत यानंतर बोलायला काही उरत नाही. पोस्ट उठवायच्या आधी मी स्वतः रिलेवरून पेट्रोलला सांगितलं की रिले तीन दिवस बंद राहील. सुभेदार साहेब "रॉजर" म्हणाले. ते जुने सैनिक, जास्त बोलले नाहीत. मग सेटवर विलास आला. नेटवर, म्हणजे सगळ्या सेटांच्या सामाईक वाहिनीवर, मराठी बोलायची मुभा नव्हती. तरी तो बोलला.

"मंग आमचं ऐकन कोण, मॅडम?"

मी म्हणाले, "तुम्ही वर दिसलात की मी ऐकेन. ब्रिगेडचा सेट मी सोडणार नाही. आउट."

संध्याकाळपर्यंत पोस्टवरचे दोघे सामान घेऊन खाली आले. ट्रकने त्यांना रस्त्याच्या वळणावर सोडलं. तंबू वळणावर लागला. पाहुण्यांच्या ताफ्याला स्वच्छ आवाज मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यात दरड कोसळली. आम्हाला ते कळलं नाही, कळायला रस्ताच नव्हता. पुढचं सुभेदार साहेबांनी नंतर सांगितलं. रणजीत नावाच्या हिमाचली शिपायाच्या मांडीवर मोठा दगड आला. हाड मोडलं, रक्त थांबेना. त्याला उचलून बाहेर आणायचं तर दुसरा दिवस उजाडला असता. तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. सुभेदार साहेबांनी विलासकडे बघितलं. विलास सेटचे पट्टे आवळत होता. त्याच्यासोबत त्यांनी एक जवान दिला. शेवटच्या चढावर बर्फाचा पातळ थर होता, तिथे त्या जवानाचा पाय मुरगळला. विलासने त्याला खाली परत पाठवलं आणि एकटा वर गेला.

दुपारचे साडेबारा झाले असतील. मी ब्रिगेडच्या सेटवर होते. खरखर थांबली आणि आवाज आला. इतका स्पष्ट की जणू शेजारच्या खोलीतून. चार्ली म्हणजे ते पेट्रोल, कंट्रोल म्हणजे आम्ही.

"कंट्रोल, चार्ली फॉर कंट्रोल. मेसेज. ओव्हर."

"कंट्रोल. सेंड. ओव्हर."

"एक कॅज्युअल्टी. मांडी चिरडली. खून बंद नहीं हो रहा. हेलिकॉप्टर चाहिए. ग्रिड लिखो. ओव्हर."

मी ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या जागेचे आकडे, लिहून घेतला, परत वाचून दाखवला. मग विचारलं, "चार्ली, तू कुठे आहेस? ओव्हर."

"पोस्टवर. पोस्ट नाही ना इथं आता. जागेवर आहे. ओव्हर."

हेलिकॉप्टर खाली हेलिपॅडवर उभं होतं. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं. मी कर्नल साहेबांना फोन केला. ते म्हणाले, पाहुण्यांचं जेवण चालू आहे, दोन वाजता निघतील, मग बघू. मी म्हणाले, "सर, तोपर्यंत तो माणूस राहणार नाही." ते म्हणाले, "आवाज खाली, कॅप्टन." मी फोन ठेवला आणि कमांडर साहेबांसोबत असलेल्या तरुण अधिकाऱ्याला लावला. त्याने कसलाही विचार केला नाही. जेवणाच्या तंबूत जाऊन कमांडर साहेबांच्या कानात सांगितलं. कमांडर साहेब पाहुण्यांसमोरून उठले, फोन हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "हेलिकॉप्टर सोडा." हे मी लिहिलं पाहिजे. सगळे सारखे नव्हते.

पण तोवर तासभर गेला होता. आणि हेलिकॉप्टर निघालं तरी नाल्यात ढग होते. पायलटला खालची परिस्थिती कळायला हवी होती. ढग कुठे फाटलेत, वारा कुठून आहे, उतरायला सपाट जागा कोणती. हे सुभेदार साहेबांना दिसत होतं, पण त्यांचा छोटा सेट पायलटच्या सेटशी जुळत नव्हता आणि फक्त रिजच्या माथ्यापर्यंत पोचत होता. म्हणजे विलासला माथ्यावरून हलता येत नव्हतं. तो सुभेदारांचं ऐकायचा, आम्हाला सांगायचा. आम्ही पायलटला सांगायचो. पायलटचं उत्तर परत त्याच्याकडे. जी पोस्ट उठवली होती, तिचं काम तो एकटा उघड्यावर उभा राहून करत होता.

दोनदा हेलिकॉप्टर परत फिरलं. बर्फ सुरू झाला. विलासच्या आवाजामागे वारा ऐकू यायला लागला. मी त्याला विचारलं, "आडोसा आहे का?"

"दगडाची भिंत हाये आपली, गुडघ्याएवढी. ओव्हर."

ती भिंत तंबूचे दोर ताणायला बांधलेली होती.

तिसऱ्या खेपेला ढगात भोक पडलं आणि पायलट खाली उतरला. रणजीतला घेऊन वर आला. रिजवर उतरायचा त्याने प्रयत्न केला. माथा ढगात गेला होता. दिसत नव्हतं. तो रणजीतला घेऊन इस्पितळाकडे गेला. मी यासाठी पायलटला दोष देत नाही.

त्याआधीच मी आमच्या बाजूने चार जणांची पार्टी हवालदार बलबीर सिंगांच्या हाताखाली वर पाठवली होती. पण आमच्या बाजूने चढायला चांगल्या हवामानातही अर्धा दिवस लागतो. सुभेदार साहेबांनीही खालून दोघांना पाठवलं. निसरड्या चढावर त्यांना वर जाता आलं नाही. रिले पोस्टची खरी माणसं, ज्यांना वाट डोळे मिटून माहीत होती, ती तेव्हा रस्त्याच्या वळणावर तंबूत बसून रिकामं नेट ऐकत होती. पाहुणे निघून गेले होते.

उजेड कमी होत होता. विलास म्हणाला, "मॅडम, रणजीत पोचला का? ओव्हर."

"पोचला. ऑपरेशनला घेतलंय. ओव्हर."

"मंग ठीक. बॅटरी संपून राहिली. ओव्हर."

"विलास, बलबीर येतोय वर. उतरायचा प्रयत्न करू नकोस, वाट दिसणार नाही. पण बसू नको. भिंतीच्या आत इकडून तिकडे चालत राहा. बसायचं नाही. ऐकलंस? ओव्हर."

"चालून राहिलो, मॅडम."

त्याने ओव्हर म्हटलं नाही. बॅटरी गेली होती.

सकाळी बलबीर सिंगांचा आवाज आला. "मॅडम, भोयर मिल गया."

"कंडिशन?"

बलबीर सिंगांनी आधी पोस्टचा ग्रिड सांगितला. मग, "नो मोर, मॅडम."

भिंतीच्या आत बर्फात एक पायवाट पडली होती, बलबीर सिंगांनी नंतर सांगितलं. इकडून तिकडे, इकडून तिकडे. तो बराच वेळ चालला होता.

चौकशी बसली. दुसऱ्या ब्रिगेडचे एक अधिकारी अध्यक्ष होते. माझी साक्ष झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "कॅप्टन गजभिये, डोंगराळ भागात रेडिओ लहरींचा प्रसार अनिश्चित असतो, हे तुम्हाला मान्य आहे?"

"एचएफबद्दल विचारत असाल तर हो, सर. एचएफची लहर आकाशातल्या वरच्या थरावरून परतून येते. तो थर सकाळी एक असतो, रात्री दुसरा. सूर्यावर काही झालं की बिघडतो. व्हीएचएफ आणि खडक यांच्यात अनिश्चित काही नसतं. त्या नाल्यातून ब्रिगेडला आवाज येत नाही, हे रिले पोस्ट उभारली त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर ती उभारली होती."

"हवामान खराब होतं."

"बर्फात व्हीएचएफ चालतं, सर. मी त्याचा प्रत्येक शब्द ऐकला. त्याला तंबू नव्हता."

"तुम्ही रागात बोलताय."

"हो सर."

निष्कर्ष आला. संपर्क तुटण्याचं कारण लहरींच्या प्रसाराची अनिश्चितता, मृत्यूचं कारण प्रतिकूल हवामान. पोस्ट हलवणं ही प्रशासकीय गरज होती. कर्नल साहेबांना कोणी काही विचारलं असेल तर ते माझ्या कानावर आलं नाही. विलासला मरणोत्तर प्रशस्ती मिळाली. मी माझी मुदत पूर्ण केली, मेजर झाले, बाहेर पडले. मुदत वाढवून मागितली नाही.

आता मी हिंगण्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्युतचुंबकीय सिद्धांत शिकवते. विद्युत क्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते बदललं की पुन्हा विद्युत क्षेत्र, आणि अशी एकमेकांना ढकलत लहर पुढे जाते. चार समीकरणं आहेत. त्यात कुठेही लहरीपणा नाही. नियम माणसाचा हुद्दा बघत नाहीत. मी हे शिकवते आणि दर वर्षी, प्रसाराचा धडा आला की माझा आवाज चढतो. मुलांना वाटतं मॅडम त्यांच्यावर चिडल्यात. मी त्यांना सांगते, तुमच्यावर नाही.

सुनंदाला मी नोकरीत असतानाच भेटले होते. कन्हानला तिच्या घरी बसून सगळं सांगितलं होतं. फोन, पाहुणे, तंबू, सगळं. ती मशीनवर बसून ऐकत होती. रडली नाही. फक्त म्हणाली, "तिकडं सांगतलं का तुमी हे?" मी म्हणाले, सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. तेव्हापासून ती मला मॅडम म्हणत नाही. ताई म्हणते.

गेल्या वर्षी कन्हानच्या एका शाळेत विलासच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता. शाळेच्या भिंतीवर नवा बोर्ड लावला होता. सूत्रसंचालकाने त्याची माहिती वाचली. "ऐनवेळी रेडिओ लहरींनी दगा दिला आणि निसर्गाच्या कोपापुढे आपल्या वीराने..." मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मला पुढचं ऐकू आलं नाही. उठले आणि माइकपाशी गेले.

"दगा लहरींनी दिला नाही," मी म्हणाले. "विलासचा आवाज शेवटपर्यंत माझ्यापर्यंत आला."

व्यवस्थापनातले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, आज श्रद्धांजलीचा दिवस आहे. वाद नको."

माझ्या मागून सुनंदाचा आवाज आला. ती उभी राहिली होती.

"वाद माह्या घरचा हाये, भाऊ. बोलू द्या त्यायले."

ते गृहस्थ खाली बसले. मी बोलले. नावं घेतली नाहीत, पण काय झालं ते क्रमाने सांगितलं, आत्ता लिहिलं तसं. डोंगराची सावली सांगितली, रिले सांगितली, पोस्टवरून काय काय उचललं ते सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, मंग तो शिपाई वाचला का?"

"वाचला. पाय थोडा आखूड आहे. गावी सफरचंदाची बाग बघतो. दर दिवाळीला सुनंदाताईंना फोन करतो."

कार्यक्रम संपल्यावर सुनंदा बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. बोर्डावर लिहिलं होतं, "प्रतिकूल हवामानात वीरमरण." तिने मुख्याध्यापकांना बोलावलं.

"हे पुसा."

"ताई, बोर्ड नवाच आहे. पेंटरला पुन्हा बोलवावं लागेल."

"मंग बोलवा. तो हवेनं नाही मेला."

पुढच्या आठवड्यात पेंटर आला. सुनंदाने स्वतः उभं राहून मजकूर लिहून घेतला. मी त्या दिवशी कॉलेजात होते. संध्याकाळी तिने फोनवर फोटो पाठवला. रंग अजून ओला होता, खालच्या ओळीचा एक ओघळ भिंतीवर उतरला होता.

नायक विलास भोयर, कन्हान. जखमी साथीदाराला बाहेर काढेपर्यंत रिजवरून हलला नाही. तिथला तंबू त्याच्या आधी नेलेला होता.